लायब्ररी बोलायला लागली

९ जुलै

रिकाम्या खुर्चीवर अखेर माणूस आलं. दीपमाला तायडे, सहायक ग्रंथपाल, कंत्राटावर. भातकुलीची आहे, रोज एसटीनं येणं-जाणं करणार. ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी, सेट पास. वडील जानराव पोस्टात होते, आता घरी असतात. मी तिला कपाटं दाखवत हिंडले. सगळं नीट ऐकून घेतलं आणि मग विचारते, "मॅडम, आपल्या लायब्ररीचा ब्लॉग कुठं आहे?"

मी म्हटलं, "ब्लॉग नाही बाई. वाचनकक्ष आहे."

मला वाटलं हसेल. नाही हसली.

१२ जुलै

प्राचार्यांनी दोघींना बोलावलं होतं. मूल्यांकन समिती येणार आहे, तिला ग्रंथालयाची 'डिजिटल उपस्थिती' दिसली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. दीपमाला लगेच म्हणाली, करू. ब्लॉगवर सविस्तर लिहायचं आणि ट्विटरवर (आता एक्स म्हणतात, माझ्या तोंडात जुनंच नाव बसलंय) रोज दोन-तीन ओळींची नोंद टाकायची. प्राचार्य खूश. मी नाही.

लग्न होऊन अमरावतीत आले तेव्हापासून याच ग्रंथालयात आहे. जन्मभर पोरांना "आवाज करू नका" म्हणत आले. आता ग्रंथालयानंच तोंड उघडायचं? घरी सांगितलं तर खुशालराव म्हणाले, "तू घरी एवढी बोलून राहिली, थोडकं तिथंबी बोल ना."

यांना प्रत्येक गोष्टीची थट्टा. कृषी खात्यातून निवृत्त झाल्यापासून दिवसभर ओसरीवर मोबाइल घेऊन बसतात. काय पाहतात कोण जाणे. क्रिकेटच असणार.

२६ जुलै

पहिली नोंद माझ्या हातून झाली होती: "ग्रंथालयात नवीन ग्रंथ दाखल झाले असून वाचकांनी त्यांचा लाभ घ्यावा." कोणीही लाभ घेतला नाही. कोणी वाचलीसुद्धा नसावी.

दीपमाला आज म्हणाली, "मॅडम, राग नका मानू, पण हे नोटीस बोर्डावरचं झालं. काल त्या रिद्धपूरच्या पोराले तुमी काय सांगत होत्या?"

त्या पोराच्या आजीला महानुभावांची जुनी वचनं तोंडपाठ आहेत. याला मात्र छापलेलं पान उघडलं की अर्थ लागत नाही. मी त्याला म्हटलं होतं, बाबू, आधी पुस्तक उघडूच नको. आजीजवळ बस, ती म्हणते तसं कानानं ऐक, मग पान उघड. निम्मे शब्द ओळखीचे झालेले असतील. उरलेल्यांसाठी शब्दकोश मी काढून ठेवते.

"हे लिहा," ती म्हणाली.

"हे काय लिहायचं? हे तर बोलणं आहे."

"तेच तर," म्हणत तिनं कीबोर्ड पुढ्यात ओढला. मी बोलत गेले, ती टाइप करत गेली. टाकण्याआधी त्या पोराला फोन लावून विचारलं, तुझ्या गावाचं नाव लिहिलं तर चालेल का. मला हे फार आवडलं. हवं ते उचलून टाकणारी मुलगी नाही ही.

२ ऑगस्ट

रिद्धपूरच्या लेखाखाली लोकांनी लिहिलंय! पुण्याच्या एका प्राध्यापकांनी शब्दकोशाबद्दल विचारलं. दर्यापूरच्या एका बाईंनी स्वतःच्या आजीबद्दल लिहिलं. आणि तो पोरगा आज येऊन म्हणाला, आजीनं त्याच्याकडून सगळं मोठ्यानं वाचून घेतलं आणि एका जागी छापणाऱ्याची चूक काढली.

आमच्या पोरांपैकी निम्मी ट्विटरवर नाहीतच, म्हणून दीपमाला वर्गावर्गात जाऊन हात धरून सगळं दाखवून येते. पोरं मग तिच्या नोंदी आपापल्या व्हॉट्सॲपच्या गटांत टाकतात. तिचा डबा रोज तसाच राहतो. आज मी रागावून समोर बसवून खायला लावलं. भाकरी जराशी जाड होती, पण वांग्याची भाजी अप्रतिम.

१९ ऑगस्ट

आज तिचं वेगळं रूप पाहिलं. प्राचार्यांच्या मनात होतं की 'सर्वाधिक वाचणारा विद्यार्थी' म्हणून दर महिन्याला फोटो टाकायचा आणि खाली त्यानं नेलेल्या पुस्तकांची नावं. मला काही वावगं वाटलं नाही. उलट पोरांना हुरूप येईल.

दीपमाला म्हणाली, "सर, फोटो त्याला विचारून टाकू. पुस्तकांची नावं नाही टाकता येणार."

"का?"

"कोण काय वाचते हे लायब्ररीच्या पोटात राहायला पाहिजे. एखादी मुलगी घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक नेते. एखादा मुलगा बापाची दारू कशी सुटेल ते वाचते. उद्या ते नाव गावभर झालं तर तो पुन्हा आपल्या दारात येईल का?"

आवाज चढला नाही, मान खाली गेली नाही. प्राचार्य पेन खाली ठेवत "बरं, राहू द्या" म्हणाले. कंत्राटावरची मुलगी, दरवर्षी सही प्राचार्यांचीच लागते. मी तिच्या जागी असते तर बोलले असते का? माहीत नाही.

४ ऑक्टोबर

हल्ली दीपमाला मलाच कीबोर्डसमोर बसवते. "आजची नोंद तुमी टाका न मॅडम, मी नवी पुस्तकं रजिस्टरात चढवून घेते." उत्तरं मी द्यायची, फोटो मी काढायचे, संकेतशब्दसुद्धा पाठ करायला लावला. तिला कंटाळा आला असावा. किंवा मनगट दुखत असेल, या मुलांची मनगटं फार लवकर दुखतात. ओव्याची पुरचुंडी करून दिली आहे शेकायला. तिनं मुकाट घेतली.

'लायब्ररीला विचारा' हे सदर आता माझंच झालं आहे. त्यात एक 'जुना वाचक' नावाचा गृहस्थ आहे. रोज दुपारी, बरोबर माझी जेवणाची सुट्टी संपली की, याचा प्रश्न हजर. तुरीवरच्या मर रोगाबद्दल मराठीत काही आहे का? ज्वारीच्या जुन्या वाणांवर कोणी लिहिलंय का? मी खणून खणून उत्तरं देते. दिलं की लिहितो, "उत्तम. आपण फार छान समजावून सांगता." शेतकी खात्यातला कोणी दिसतो. यांना विचारलं, तुमच्या ओळखीचा असेल का? तर म्हणाले, "आमच्या खात्यातले लोकं असं काही वाचत नाईत," आणि मोबाइल उलटा ठेवला.

१७ जानेवारी

अकोल्याला जाऊन आले. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या महाविद्यालयीन ग्रंथपालांची कार्यशाळा होती, विषय ब्लॉग आणि छोट्या नोंदींचा ग्रंथालयात उपयोग. बोलायचं होतं दीपमालानं, पण या मुलीनं परस्पर माझं नाव देऊन टाकलं! मी भांडले. "तुमीच तर लिहून राहिल्या सगळं," म्हणाली. तेही खोटं नाही म्हणा.

सकाळी एसटीनं दोघी निघालो. ही कडक इस्त्रीची साडी नेसून, केस घट्ट बांधून, मांडीवर प्रमाणपत्रांची फाइल. मूर्तिजापूरपर्यंत गप्प. मग एकदम विचारते, "मॅडम, ग्रंथपालाचं पहिलं काम कोणतं, असं कोणी विचारलं तर तुमी काय सांगाल?"

मी म्हटलं, "दारात आलेल्याला परत न पाठवणं. पुस्तक नसेल तर ते कुठं आहे ते तरी सांगायचं."

तिनं ते तोंडातल्या तोंडात घोळवलं. थोड्या वेळानं म्हणाली, "अकोल्याचा उन्हाळा लय तापते म्हणतात, नाही?"

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. साडी, गप्प बसणं, अकोल्याची चौकशी! स्थळ आहे मुलीला. कार्यशाळेच्या दारात मला सोडून "एक काम आहे, दुपारी येते" म्हणाली तेव्हा तर खात्रीच झाली. शिकलेली मुलगी, प्रमाणपत्रंसुद्धा दाखवायला नेते सासरच्यांना. मी काही विचारलं नाही, सांगायचं तेव्हा सांगेल.

माझं भाषण? मी ठरवलं की समोर रिद्धपूरचा पोरगाच बसलाय. तसंच बोलले. लोक हसले, प्रश्न विचारले, बार्शीटाकळीच्या एका ग्रंथपालबाईंनी दोन्ही हात धरून सांगितलं, आम्हीपण सुरू करतो. परतीच्या गाडीत दीपमालाला सगळं सांगत आले. ती खिडकीबाहेर पाहत हसत होती. तिकडंही बरं झालेलं दिसतंय.

२४ फेब्रुवारी

आज काय झालं ते नीट लिहायला हवं.

परवा दीपमालानं नोंद टाकली होती की बी.एड.च्या सीईटीचा फॉर्म भरायची मुदत वाढली. पोरांनी ती भराभर पुढं पाठवली. आज दुपारी एकानं मूळ सूचना मागितली म्हणून तिनं ती पुन्हा उघडली, आणि मी पाहिलं की तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"मॅडम, हे बी.पी.एड.चं आहे. शारीरिक शिक्षणाचं. बी.एड.ची मुदत नाही वाढली."

"मग बी.एड.ची कधी संपते?"

"आज. संध्याकाळी."

मी घड्याळाकडं पाहत बसले. ती मात्र उठली, सरळ प्राचार्यांकडं. मी मागोमाग. प्राचार्य आधी तेच म्हणाले जे कोणीही म्हणालं असतं, "ती पोस्ट काढून टाका आधी. कोणाच्या ध्यानात यायच्या आत."

"सर, काढली तर ज्यांनी ती वाचून फॉर्म ठेवून दिला त्यांना कसं कळणार?"

"नवीन टाका ना बरोबर माहितीची. जुनी काढा. समितीचे लोक येणार आहेत, तायडे. कॉलेजचं नाव आहे."

"सर, जुनीच्या खाली पोरांनी उत्तरं लिहिली आहेत. कोण आपल्या भरवशावर थांबलंय ते तिथंच कळते. पोस्ट गेली की तेही गेलं."

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. तिथंच उभ्या उभ्या मोबाइलवर लिहिलं. मी शब्दन् शब्द इथं उतरवून ठेवते:

"चूक झाली आहे. मुदतवाढ फक्त बी.पी.एड.ला आहे. बी.एड. सीईटीचा फॉर्म आजच भरायचा आहे. आमच्या भरवशावर थांबला असाल तर असाल तसे लायब्ररीत या, नाहीतर फोन करा. इथून भरून देऊ. चूक माझी. दीपमाला तायडे, सहायक ग्रंथपाल."

प्राचार्यांनी वाचलं. "नाव कशाला टाकलं?"

"पोरांना कोणाला फोन करायचा ते कळायला पाहिजे, सर."

तासाभरात ग्रंथालय भरून गेलं. कोणी डबा हातात घेऊन, कोणी दुकानाच्या गल्ल्यावरून उठून, एक मुलगी कडेवर लेकरू घेऊन. सगळे संगणक त्यांना दिले. पोर्टल सारखं अडकत होतं. जन्मभर ज्या खोलीत मी शांतता राखली तिथं आज बाजार भरला होता, आणि मी स्वतः टेबलावरून ओरडत होते, "फोटो लहान करून घ्या रे! सही पांढऱ्या कागदावर!"

दीपमाला एकीकडं चुकीच्या नोंदीखालची उत्तरं वाचत एकेकाला फोन लावत होती. त्यात चंदाचं होतं: "बरं झालं मॅडम, हरभरा सोंगून झाला की भरीन." तिसऱ्या वर्षाची चंदा, भातकुलीच्या पुढं गाव. फोन बंद. पुन्हा लावला, बंद. तिच्या गावच्या एका मुलीनं सांगितलं, ती वावरात असेल, तिथं रेंज नसते.

दीपमाला उठायला लागली. मी म्हटलं, "तू बस. तुझं नाव टाकलंय, लोक तुला शोधत येतील. चंदाला मी आणते." म्हटलं खरं, पण कशी? पर्स घेऊन बाहेर आले, तर फाटकाशी खुशालराव स्कूटर चालू ठेवून उभे! हेल्मेटसुद्धा घातलेलं.

"बस लवकर. त्या हरभरावाल्या पोरीकडं जायचं आहे ना?"

यांना कसं कळलं कोण जाणे. शेजाऱ्यांच्या मुलानं सांगितलं असेल. विचारायला वेळ नव्हता.

गावात विचारत विचारत वावरात पोचलो. चंदाची आई तानुबाई विळा हातात घेऊनच धावत आली. "काय झालं बाई? पोरीनं काई केलं काय?"

"पोरीनं नाही केलं, आम्ही केलं," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. तानुबाई मागं वळली. मग चंदावर ओरडली, "उभी काहून हायेस? जा! हरभरा काय पळून चालला?"

चंदाच्या ओढणीला हरभऱ्याच्या पाल्याची आंबट आंब लागलेली, हातांना भेगा. घरून गुणपत्रिका घेतल्या आणि एका स्कूटरवर आम्ही तिघं. या वयात ट्रिपल शीट! चंदा मध्ये बसून माझ्या कानाशी म्हणाली, "मॅडम, मी शिक्षक झाली न तर..." पुढचं वाऱ्यात गेलं.

तिचा फॉर्म गेला. पोर्टल बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता. पावतीचं पान निघालं तेव्हा सगळी खोली टाळ्या वाजवायला लागली. मी "शांत बसा" म्हटलं नाही.

२५ फेब्रुवारी

काल मी फार आनंदात लिहिलं. आज कळलं, एक राहिला. शिवम. मागच्या वर्षी पास झालेला, चाकणला कारखान्यात आहे. पाळीवर मोबाइल नेऊ देत नाहीत. सकाळी सुटला तेव्हा त्यानं दोन्ही नोंदी एकदमच वाचल्या.

दीपमालानं त्याला स्वतः फोन केला. मी शेजारीच होते. तिनं सबब सांगितली नाही, पोर्टलला दोष दिला नाही. "शिवम, माझ्या चुकीनं तुझं वर्ष गेलं," एवढंच, आणि मग त्याचं बोलणं बराच वेळ ऐकून घेतलं. शेवटी तोच म्हणाला म्हणे, "जाऊ द्या मॅडम, पुढच्या वर्षी भरू."

त्याला विचारून तिनं कालच्या नोंदीखाली आणखी एक ओळ लिहिली: "एक विद्यार्थी राहून गेला. यापुढं कोणतीही तारीख दोघींनी मूळ सूचनेशी ताडून पाहिल्याशिवाय इथं येणार नाही." मग मागच्या कपाटांमध्ये गेली. मी तिकडं गेले नाही. रडायला जागा लागते माणसाला.

३ मार्च

प्राचार्यांनी दीपमालाला लेखी खुलासा मागितला. कंत्राटाचं पुढं काय, तेही मोघम ठेवलं. मी त्यांच्याकडं गेले आणि म्हटलं, "सर, ग्रंथपाल मी आहे. ग्रंथालय जे बोलतं त्याची जबाबदारी माझी. खुलाशावर माझीही सही राहील."

ते म्हणाले, "मॅडम, तुमची निवृत्ती जवळ आली. कशाला अंगावर घेता?"

मी म्हटलं, "त्या दिवशी ती नोंद काढली असती तर चंदा आज घरी बसली असती. मूल्यांकनवाल्यांना हीच गोष्ट दाखवा. दुसरं काय आहे आपल्याजवळ एवढं चांगलं?"

इतकं सरळ मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. या मुलीची हवा लागलेली दिसते. बाहेर पडताना पाहिलं, तर सर मोबाइलवर तीच नोंद वाचत होते.

'जुना वाचक' यांनीही त्या नोंदीखाली लिहिलं होतं: "अशा ग्रंथालयाचा मला अभिमान आहे. विशेषतः ग्रंथपालांचा." भला माणूस दिसतो. एकदा भेटायला बोलवावं म्हणते. घरी बोलले तर यांना ठसकाच लागला.

२८ मार्च

आज दुपारी अकोल्याहून फोन. "मी जीवन सरदार बोलतो. दीपमाला तायडे तुमच्याकडं आहेत ना? एक-दोन गोष्टी मोकळेपणानं विचारायच्या होत्या."

आले! मी वाचनकक्षाबाहेर जाऊन दार लावून घेतलं. आवाज पोक्त होता, मुलाचे वडील किंवा काका असावेत. एवढ्या चांगल्या मुलीचं माझ्या एका शब्दानं भलं होणार असेल तर मी हात राखणार नव्हते.

विचारत होते, स्वभाव कसा आहे? मी म्हटलं, शांत, पण शेळपट नाही. माणसांत मिसळते का? म्हटलं, अहो, तिनं मुक्या भिंतींना बोलतं केलं. मग म्हणाले, "आमच्या कानावर आलंय की मध्यंतरी त्यांच्या हातून मोठी चूक झाली. आमच्यातल्या एकदोघांना शंका आहे."

माझं टाळकंच सरकलं. एवढ्याशा गोष्टीवरून स्थळ मोडायला निघाले! मी म्हटलं, "साहेब, ऐका आणि मग काय ते ठरवा." सगळा दिवस सांगितला त्यांना, प्राचार्यांच्या खोलीपासून चंदापर्यंत. शिवमचंही सांगितलं, लपवलं नाही. शेवटी म्हटलं, "चुका तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या हातून होतात. चूक झाल्यावर माणूस कोणीकडं धावते ते पाहायचं. ही जाग्यावर उभी राहते आणि ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडं आधी पाहते. अशी मुलगी दिवा घेऊन हिंडलात तरी मिळणार नाही. स्वैपाकही चांगला आहे. भाकरी थोडी जाड करते, पण वांग्याची भाजी खाऊन पाहाच."

तिकडून म्हणाले, "आभारी आहे मॅडम. तुम्ही फार मोकळेपणानं बोललात."

दीपमालाला सांगितलं नाही. उगाच लाजेल.

२२ एप्रिल

काय लिहू? हसू का रडू ते कळत नाही.

सकाळी दीपमाला पेढे घेऊन आली. मी डोळ्यांत पाणी आणून म्हटलं, "ठरलं ना? मुलगा काय करतो?"

"कोणता मुलगा, मॅडम?"

"अकोल्याचा! त्यांचा फोन आला होता मला."

ती खाली बसून तोंडावर पदर घेऊन हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली. अकोल्याच्या कॉलेजात तिची ग्रंथपाल म्हणून निवड झाली आहे. कायम. जानेवारीत कार्यशाळेच्या दिवशी मुलाखत होती. जीवन सरदार तिथले प्राचार्य आहेत.

"त्यांनी मला सांगितलं मॅडम," ती म्हणाली, "समिती एकमतावर येत नव्हती. तुमचा फोन झाल्यावर सर म्हणाले, हिलेच घ्या. आणि म्हणाले, आमच्याकडं भाकरी करावी लागत नाही, पण ते एक आम्ही टिपून ठेवलं आहे."

मी तिला एक धपाटा घातला. "मला सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तर तुमी रडल्या असत्या. मग माझे पाय निघाले नसते. म्हणून अर्ज केला तेव्हापासूनच तुमाले सगळं शिकवून घेतलं."

मनगट दुखत नव्हतं तर. कंटाळाही आला नव्हता. मी खरंच रडले. तिच्यासाठी आनंदानं आणि माझ्यासाठी थोडं वेगळं. वर्षभर शेजारी बसून मला दिसलं नाही.

प्राचार्यांनी स्वतः येऊन अभिनंदन केलं. ओशाळे होते. म्हणाले, नवं कंत्राट तयारच ठेवलं होतं.

२० जून

नवं सत्र सुरू झालं. शेजारची खुर्ची रिकामी आहे. माणूस मिळेल तेव्हा मिळेल.

सकाळी नोंद टाकायला बसले आणि काही सुचेना. दहा वेळा लिहिलं, दहा वेळा पुसलं. तेवढ्यात पडद्यावर एक नवं खातं दिसलं, अकोल्याच्या त्या कॉलेजच्या ग्रंथालयाचं, आजच उघडलेलं. पहिली नोंद होती, "नमस्कार. हे ग्रंथालय आजपासून बोलेल आणि ऐकेलही. विचारा." खाली अजून कोणाचाच प्रश्न नव्हता. आमच्या पहिल्या नोंदीसारखंच सुनं सुनं. तिला काय वाटत असेल, मला ठाऊक होतं.

दुपारी मात्र तिथं एक प्रश्न आला. बार्शीटाकळीची विद्यार्थिनी, आदिवासी बोलीतल्या लग्नगीतांवर प्रकल्प करतेय, मराठीत काही मिळेल का? थोड्या वेळानं दीपमालाचं उत्तर: "आमच्याकडं नाही. पण अमरावतीच्या ग्रंथालयात असू शकतं. आदरणीय ग्रंथपाल, आहे का?"

सगळ्यांसमोर, मलाच उद्देशून.

मेळघाटातल्या गाण्यांचा एक संग्रह आमच्याकडं होता, पण बऱ्याच वर्षांत कोणी नेलेला नव्हता. वाचनकक्षातल्या पोरांनी माना वर करून पाहिलं असेल, कारण मी चक्क धावत गेले. खालच्या फळीवर, आडवा पडलेला सापडला. धूळ पुसली, पानं तपासली, सगळी जागच्या जागी होती. टेबलाशी येऊन उभ्या उभ्याच लिहिलं:

"आहे. उद्याच्या एसटीनं अकोल्याला पाठवते."